न्यू लॅनार्क : मुका मुकादम

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून लॅनार्कपर्यंत ट्रेन, पुढे उतारावरून पायी. खाली क्लाइड नदी आणि तिला चिकटून उभ्या न्यू लॅनार्कच्या दगडी सूतगिरण्या. गिरणी म्हटलं की आम्हा लालबागकरांच्या डोळ्यांपुढे धुराडं येतं. या गिरण्या मात्र नदीच्या पाण्यावर चालायच्या.

समाजसुधारक गिरणीमालक रॉबर्ट ओवेननं १८०० मध्ये इथला कारभार हाती घेतला. शाळा, आजारपणाचा निधी, स्वस्त दुकान हे सगळं त्याच्या नावावर आहेच. पण मी रेंगाळलो तो संग्रहालयातल्या एका लाकडी ठोकळ्यापाशी. हाच तो मुका मुकादम, जेमतेम बोटाएवढा. चार बाजूंना चार रंग : काळा, निळा, पिवळा, पांढरा. असा एकेक ठोकळा प्रत्येक कामगाराच्या जागेशी टांगलेला असे. काल काम वाईट झालं तर आज काळी बाजू समोर, उत्तम झालं तर पांढरी. वर रोजची नोंद वहीत. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, ही त्या काळात मोठीच गोष्ट. पण येता-जाता चारचौघांना आपला रंग दिसणार! आजोबा असते तर म्हणाले असते, त्यापेक्षा जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, शिव्या बऱ्या.

इथे सूत व्हायचा तो कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला असायचा, हेही विसरून चालत नाही.

शाळेत मात्र टीका जागीच विरते. १ जानेवारी १८१६ ला ओवेननं इथे ‘चारित्र्य घडवणारी संस्था’ उघडली. भिंतींवर प्राण्यांची मोठाली चित्रं, शिकवण्यात गाणं आणि नाच, शिक्षा नाही. दहा वर्षांखालच्या पोरांना गिरणीत घेणं त्यानं बंद केलं होतं. देशभर तसा कायदा व्हावा म्हणून तो खटपट करत राहिला. १८१९ चा कायदा आला तो पातळ होऊन, वयाची अट नऊवर आणि तीही फक्त कापूसगिरण्यांपुरती.

आणि हिंदुस्थानात? त्याच ब्रिटिशांनी १८८१ चा कारखाना कायदा केला, त्यात किमान वय होतं सात! मुंबईच्या कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, तीही कुणा दयाळू मालकामुळे नव्हे, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे आणि हजारो गिरणी कामगारांनी भांडून मिळवली म्हणून.

गेलात तर गिरणीतून नदीकाठानं वर कोरा लिन धबधब्याकडे पायवाट जाते, ती चुकवू नका. चढ आहे, बूट चांगले घाला.