आमची वाटचाल : एका डेसिबलचा हिशेब

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत 11 वर्षांपूर्वी आम्ही दोघा भागीदारांनी भाड्याने गाळा घेतला, तेव्हा एक जुना सिग्नल जनरेटर, एक सेकंडहँड पॉवर मीटर आणि सोल्डरिंगची दोन स्टेशने एवढेच आमचे भांडवल होते. शेजारच्या गाळ्यात प्रेस मशीन होते आणि त्याचा ठोका पडला की आमच्या टेबलावरचे स्क्रू नाचत. उपग्रहाकडून येणारा 2.25 गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल 70 मेगाहर्ट्झवर उतरवून देणारी लहान मॉड्यूल आम्ही बांधत असू. या मॉड्यूलचे काळीज म्हणजे डायोडचा मिक्सर. त्याच्या एका टोकाला येणारा सिग्नल, म्हणजे आरएफ, आणि दुसऱ्या टोकाला आपल्याकडचा 2.18 गिगाहर्ट्झचा लोकल ऑसिलेटर, म्हणजे एलओ, दिला की तिसऱ्या टोकातून, म्हणजे आयएफमधून, दोघांच्या फरकाची फ्रिक्वेन्सी मिळते. या उतरणीत सिग्नलची जी शक्ती हरवते तिला कन्व्हर्जन लॉस म्हणतात. तो डेसिबलमध्ये, म्हणजे दोन शक्तींचे गुणोत्तर सांगणाऱ्या एककात, मोजतात; आकडा जितका मोठा तितका तोटा जास्त. आणि ग्राहक टेस्ट रिपोर्टवर सर्वांत आधी तोच आकडा पाहतो.

दुसऱ्या वर्षी 40 मॉड्यूलची ऑर्डर मिळाली. प्रत्येकाच्या रिपोर्टवर आम्ही 2.9 ते 3.1 डेसिबल असा कन्व्हर्जन लॉस अभिमानाने लिहून माल रवाना केला. आठवड्याने ग्राहकाच्या इंजिनिअरचा फोन आला. ते शांतपणे एवढेच म्हणाले, "साहेब, हा आकडा या मिक्सरमध्ये येऊच शकत नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. डायोड अगदी आदर्श स्विच मानले आणि तिन्ही टोकांना 50 ओहमचा भार जोडला, तरी अर्ध्याहून जास्त शक्ती बेरजेच्या फ्रिक्वेन्सीत आणि आणखी काही वरच्या गुणजांत वाटली जाते, म्हणून 3.9 डेसिबलचा तोटा गणितानेच ठरलेला असतो. प्रत्यक्षातल्या डायोडला तो साडेपाच ते आठच्या घरात जातो. पुस्तकात हे आम्ही दोघांनीही वाचले होते, परंतु मीटरवर चांगला आकडा दिसला की पुस्तक कोण उघडतो?

त्या संध्याकाळी आम्ही मांडणी पुन्हा लावली. डिप्लोमा करून नुकतीच आमच्याकडे लागलेली एक मुलगी टेस्टिंगला होती. तिने काही न विचारता आरएफ जनरेटरचे आउटपुट बंद केले आणि म्हणाली, "सर, आरएफ बंद आहे, तरी मीटर उणे 15 दाखवतोय." सगळा उलगडा त्या एका वाक्यात होता. एलओ 7 डीबीएमचा (डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये सांगितलेली शक्ती) होता आणि त्यातला 22 डेसिबलने दबलेला अंश आयएफच्या टोकातून बाहेर झिरपत होता. पॉवर मीटरच्या सेन्सरला फ्रिक्वेन्सी कळत नाही, समोर येईल ती सर्व शक्ती तो एकत्र मोजतो. आम्ही उणे 10 डीबीएमचा आरएफ देत होतो, खरा आयएफ उणे 17 होता, त्यात उणे 15 ची गळती मिळाली की मीटर उणे 12.9 दाखवणार आणि 7 डेसिबलचा तोटा कागदावर 2.9 होणार. वसाहतीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारी गाळा उघडून आम्ही परत आणलेली 40 ही मॉड्यूल नव्याने मोजली आणि सुधारलेले रिपोर्ट माफीच्या पत्रासह पाठवले. पत्र टाइप करताना भागीदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

उपाय वरकरणी सोपा होता, आयएफच्या वाटेत लो-पास फिल्टर, म्हणजे फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी पुढे सोडणारा फिल्टर, लावायचा. तो लावला आणि नवीनच त्रास सुरू झाला, कारण केबल चार बोटे लांब घेतली की आकडा हलू लागला. फिल्टर नको असलेली फ्रिक्वेन्सी गिळत नाही, ती उलट पाठवतो. परतलेली ती शक्ती मिक्सरमध्ये शिरून पुन्हा मिसळते आणि केबलच्या लांबीप्रमाणे आयएफमध्ये कधी भर घालते, कधी घट करते. म्हणून मिक्सर आणि फिल्टर यांच्यामध्ये 6 डेसिबलचा अटेन्युएटर, म्हणजे ठरावीक शक्ती खाणारा तुकडा, आमच्या भाषेत पॅड, बसवावा लागतो. आरएफच्या बाजूलाही तोच न्याय आहे. जनरेटरकडची केबल आणि मिक्सरचे टोक या दोघांचाही रिटर्न लॉस, म्हणजे परत फिरणारी शक्ती आत गेलेल्या शक्तीहून किती कमी असते तो आकडा, 14 डेसिबल असेल, तर नुसत्या परावर्तनाने मोजमापात 0.35 डेसिबलपर्यंत फरक पडतो आणि मध्ये 6 डेसिबलचा पॅड घातला की तोच फरक 0.09 वर येतो. अर्थात पॅडवर 6 छापले आहे म्हणून तो 6 डेसिबलच खातो असे नाही, त्यामुळे प्रत्येक पॅड ज्या फ्रिक्वेन्सीवर वापरायचा त्या फ्रिक्वेन्सीवर मोजून त्याला चिठ्ठी लावण्याची पद्धत आम्ही पाडली.

एलओची गोष्ट याहून साधी आणि म्हणूनच जास्त फसवी निघाली. जनरेटरच्या पडद्यावर 7 डीबीएम दिसत होते, पण केबलमध्ये 1.2 डेसिबल जात होते आणि मिक्सरच्या तोंडाशी 5.8 च पोहोचत होते. अर्धपोटी डायोड नीट उघडमीट करत नाहीत, तोटा वाढतो आणि दोष मात्र मिक्सरवर येतो. आता एलओची शक्ती मिक्सरचे टोक जोडायच्या जागीच मोजली जाते. आत जाणारा आरएफ आणि बाहेर येणारा आयएफ या दोन्ही मोजमापांना सेन्सर एकच वापरल्याने त्याची स्वतःची बरीचशी चूक वजाबाकीत निघून जाते. तरी मीटरवर फ्रिक्वेन्सी 2.25 गिगाहर्ट्झवरून 70 मेगाहर्ट्झवर बदलायची राहिली, तर कॅलिब्रेशन फॅक्टर, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर सेन्सरच्या आकड्यात करायची दुरुस्ती, चुकीचा लागतो, आणि तो 100 ऐवजी 97 टक्के धरला गेला की 0.13 डेसिबल फुकट इकडेतिकडे होतात. ही चूक माझ्या हातून दोनदा झाली आहे.

नेटवर्क अ‍ॅनालायझर, म्हणजे सिग्नल आत पाठवून बाहेर किती येतो हे स्वतःच मोजणारे यंत्र, घ्यावा की नाही, यावर आम्हा भागीदारांत वर्षभर वाद चालला. साधे यंत्र आत जाणारी आणि बाहेर येणारी फ्रिक्वेन्सी एकच धरते. मिक्सरसाठी ऑफसेटची, म्हणजे या दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवण्याची, सोय वेगळी विकत घ्यावी लागते आणि तीही शेवटी पॉवर मीटरच्या आधारानेच कॅलिब्रेट करावी लागते. कर्ज काढायचे ते चांगल्या सेन्सरसाठी आणि त्याच्या एनएबीएल-मान्य (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) प्रयोगशाळेतील कॅलिब्रेशनसाठी, असे मी धरून बसलो आणि ते मान्य झाले. आज आमच्या रिपोर्टवर 6.9 अधिक-उणे 0.2 डेसिबल असे लिहिलेले असते. सुरुवातीला काही ग्राहकांना ते "अधिक-उणे" खटकले, एकाने तर ते खोडून नवा रिपोर्ट द्या म्हणून सांगितले. तो आम्ही दिला नाही आणि ते गिऱ्हाईक गेले. पुढे मात्र इतरांनी बांधलेले मिक्सर आमच्याकडे मोजायला येऊ लागले आणि आता महिन्याच्या बिलांतला निम्मा भाग त्याच कामाचा असतो.

सकाळी यंत्रे सुरू करून अर्धा तास तापू दिली जातात, स्टीलचे एसएमए कनेक्टर टॉर्क पान्याने 0.9 न्यूटन-मीटरवरच आवळले जातात आणि पहिले मोजमाप आरएफ बंद ठेवून होते. ती मुलगी आता टेस्टिंग विभाग सांभाळते. सध्या 8.4 गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलची चौकशी आली आहे. त्या फ्रिक्वेन्सीवर आमच्या जुन्या केबल चालणार नाहीत आणि पॅडवरच्या सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहाव्या लागतील, म्हणून भाव कळवण्यासाठी आम्ही ग्राहकाकडे तीन आठवड्यांची मुदत मागितली आहे.