नाळेतलं सेलेनियम: आकडा वाचण्याआधी

सेलेनियम म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं एक खनिज. आईचा आणि नाळेतल्या रक्ताचा सेलेनियमचा रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवला, की घरातले हमखास घाबरतात. बाळाचा आकडा कमी! तो कमीच असतो. आईच्या रक्तद्रवात लिटरला ७५ मायक्रोग्रॅम असेल, तर नाळेत ५० च्या आसपास सापडणं नेहमीचं. रक्तातलं सेलेनियम बहुतेक प्रथिनांत गुंतलेलं असतं आणि नवजात बाळाचं यकृत ती प्रथिनं अजून कमी बनवतं. मोठ्यांसाठी छापलेली ७० ते १५० ची चौकट बाळाला लावूच नये.

आईचाही आकडा दिवस जातील तसा उतरतो. रक्तातला द्रव चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतो, शिवाय बाळाकडं साठा जात असतो. म्हणून तिसऱ्या महिन्यातला आणि नवव्या महिन्यातला रिपोर्ट एकाच मापानं तोलायचा नाही. अंगात ताप किंवा संसर्ग असला तर आकडा आणखी पडतो. सोबत सीआरपी (अंगातली सूज-संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय ‘कमतरता’ असा शिक्का मारू नये.

नमुना घेताना चुका ठरलेल्या आहेत. नाळ कापल्यावर रक्त ठिबकत ट्यूबमध्ये धरलं, तर त्यात आईचं रक्त मिसळतं. नाळ पुसून, तिच्या शिरेत सुई घालून घ्यावं, तेही सूक्ष्म धातूंच्या तपासणीच्या गडद निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. बाळाची टाच दाबून-पिळून घेतलेल्या रक्तात तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं सेलेनियम द्रवात उतरतं आणि आकडा खोटा चढतो. द्रव लालसर दिसला तर तो नमुना टाकून द्यावा. एककही बघा: मायक्रोमोल असेल तर ७९ नं गुणलं की लिटरमागचे मायक्रोग्रॅम मिळतात. डेसिलिटर आणि लिटर यांत गल्लत झाली, की थेट दहापट फरक.

आता ताटाकडं. गरोदरपणी दिवसाला ६० मायक्रोग्रॅम लागतं, अंगावर पाजताना ७०. बेळगाव भागात अडचण अशी, की धान्यातलं सेलेनियम जमीन ठरवते. खानापूर-जांबोटीकडची तांबडी, जांभ्याची जमीन आम्ल. तिच्यातल्या लोहाला सेलेनियम घट्ट चिकटून बसतं, मुळांना मिळत नाही. अथणीकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना तुलनेनं सहज मिळतं. त्यामुळं तक्त्यात बघून ‘दोन भाकरीत इतकं’ असा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

अंड्याचं तसं नाही. कोंबडीच्या तयार खाद्यात सेलेनियम घातलेलं असतं, म्हणून एका अंड्यात साधारण १५ मायक्रोग्रॅम धरता येतं. दोन अंडी म्हणजे गरोदरपणाची अर्धी गरज. बांगड्यासारख्या समुद्राच्या माशात शंभर ग्रॅमला तिसाच्या वर. अंगणवाडीत कर्नाटक सरकारच्या मातृपूर्ण योजनेच्या जेवणातलं अंडं तिथंच बसून खावं. घरी आणलं की ते थोरल्या पोराच्या ताटात जातं. अंडं-मासा चालत नसेल त्या घरात डाळी, दूध आणि वेगवेगळ्या भागांतली धान्यं आलटून-पालटून घ्यावीत. गोळी लागेल का, ते डॉक्टर ठरवतील.

बाळंतपणानंतरची सर्वांत मोठी चूक म्हणजे चीक पिळून टाकणं. पहिल्या दिवसांच्या या दाट, पिवळसर दुधात पुढच्या दुधापेक्षा सेलेनियम जास्त असतं. कमी दिवसांच्या बाळाला तर त्याची जास्त गरज, कारण शेवटच्या तीन महिन्यांतला साठा त्याला मिळालेलाच नसतो. पुढं दुधातलं सेलेनियम लिटरला १८ मायक्रोग्रॅमच्या आसपास स्थिरावतं. बाळ दिवसाला पाऊण लिटर प्यालं की १४ होतात, आणि त्याची गरज आहे १५ ची. इतकं काठावरचं गणित असताना सव्वा महिना बाळंतिणीला नुसत्या मऊ भातावर ठेवणं मला पटत नाही. ती खाते त्यावर दुधातलं सेलेनियम ठरतं.

गोळ्यांबाबत मात्र हात आखडता ठेवा. अमेरिकेत वरची मर्यादा दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम आहे, युरोपनं २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. मल्टिव्हिटॅमिन, थायरॉईडसाठीची २०० ची गोळी आणि केसांची गोळी एकदम चालू असली, तर मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतातच, आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतात. त्यावर सेलेनियमची गोळी वाढवली, तर जास्त झालेल्या सेलेनियमनंही केसच गळतात. नखं ठिसूळ झाली, श्वासाला लसणासारखा वास येऊ लागला, तर गोळ्या थांबवून सगळ्या पाकिटांसकट डॉक्टरांकडं जा.