तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मन रायफलीच का?

पुण्याला आलो की कुणीतरी विचारतंच, "अरे, इतकी वर्षं ओहायोत राहून शेवटी हिटलरच्या बंदुका जमवायला लागलास?" मावशी तर आवाज खाली आणून विचारते, मला काही आजारच झाल्यासारखं. आजवर विषय बदलत आलो, आता एकदाच सांगून टाकतो.

सगळ्या हिटलरच्या नाहीत. एक गेवेअर ९८ आहे, माउझर कंपनीच्या रचनेची जर्मन लष्करी रायफल, १९१६ सालची, म्हणजे पहिल्या महायुद्धातली, कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळातली. तिची साइटच (नेम धरायची पट्टी) ४०० मीटरपासून सुरू होते, त्यामुळे १०० यार्डावर नेम चांगलाच खाली धरावा लागतो, आणि जुनी काडतुसं वापरली तर प्रायमरमधल्या (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागातल्या) क्षारांनी नळी गंजते म्हणून घरी आल्या आल्या गरम पाण्याने धुवावी लागते. मला ही कामं आवडतात. माउझरच्या त्या बोल्टला, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याला, पुढे दोन पकडी आहेत आणि मागे तिसरी, का तर पुढच्या तुटल्याच तर चालवणाऱ्याचा चेहरा वाचावा. १८९८ मध्ये कुणीतरी हा विचार केला होता, आणि ते बघायला मिळतं म्हणून मी पैसे देतो. कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत ५० वर्षांवरच्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी वेगळं लायसन्स असतं, ३ वर्षांचे ३० डॉलर, प्रत्येक खरेदी रजिस्टरमध्ये लिहायची. लपवण्यासारखं काही नाही.

हे सगळं मी २०१४ पर्यंत अगदी छातीठोक सांगायचो.

त्या वर्षी एका गन शोमध्ये (बंदुकांच्या प्रदर्शन-बाजारात) एक के ९८ के दिसली, म्हणजे त्याच बोल्टची, पण हिटलरच्या सैन्याची रायफल. बोल्ट, रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो धातूचा भाग), लाकडी स्टॉक, सगळ्यांवरचे नंबर जुळणारे, म्हणजे भाग मूळचेच, आणि रिसीव्हरवर हिटलरच्या एसएस दलाचा कवटीचा शिक्का. तशीच बिनशिक्क्याची १५०० डॉलरला मिळत होती, हिचे त्याने २४०० सांगितले आणि मी घासाघीससुद्धा केली नाही. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. घरी आणून रात्री दिव्याखाली भिंग घेऊन बसलो, तर तिथे एक जुना ओरखडा होता आणि शिक्का त्या ओरखड्याच्या वर बसलेला. म्हणजे आधी ओरखडा पडला, मग कधीतरी कुणीतरी शिक्का मारला. मग बोल्टच्या नंबरातला ४ पाहिला, तोही रिसीव्हरवरच्या ४ सारखा नव्हता. विकणाऱ्याने फोन उचलला नाही.

९०० डॉलर गेले याचा संताप दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बायकोने साधं विचारलं, "शिक्का खरा निघाला असता तर तुला आनंद झाला असता?" झाला असता. खूप झाला असता. बोल्ट तोच, नळी तीच, मग जादाचे ९०० मी नेमके कशाचे दिले होते? ज्यांनी छावण्या चालवल्या त्यांच्या खुणेचेच ना? आणि मी सगळ्यांना इंजिनिअरिंग सांगत फिरत होतो. तेव्हाचा मी आजही वाद घालतो की इतिहास जपायचा तर सगळाच जपावा, आवडता तेवढा नाही. त्याचं म्हणणं चूक आहे असं मला अजून सिद्ध करता आलेलं नाही.

ती रायफल शिक्का खोटा आहे असं स्पष्ट सांगून तोट्यात विकली. मग वाटलं सुटलो, तर कपाटातल्या दुसऱ्या के ९८ के वर कारखान्याचा कोड आहे बीसीडी, साल १९४३. बीसीडी म्हणजे वायमारचा गुस्टलोफ कारखाना, ज्याने बुखेनवाल्डच्या छळछावणीतल्या कैद्यांना रायफलींच्या कामाला जुंपलं होतं. तिच्यावर कवटी नाही, नंबर जुळत नाहीत, मला ती स्वस्तात मिळाली होती, आणि कदाचित त्यांचे हात हिलाच लागलेले असतील. ती विकावी, ठेवावी, कुणाला द्यावी, काहीच ठरत नाही. दर दोन महिन्यांनी तेल लावून परत ठेवतो.

रेंजवर मी फक्त १९१६ वाली नेतो. आणि हो, ते पहिल्या महायुद्धातल्या व्हर्डनच्या भीषण लढाईचं वर्ष आहे हे मला माहीत आहे, तो प्रश्न पुढच्या वेळेला नका ठेवू.