तिथीची पाऊणपट

रविवार, २५ जानेवारी २०२६

आज चांगलाच पचका झाला. सहा महिने घोकत होते, एकदा ओहोटीला जुहूला जायचं आणि तिथले खडक बघायचे. आज घरात पाहुणे नव्हते, लेक मैत्रिणीकडे गेली होती. पाचला रिक्षा केली, गोरे पुलावरून पलीकडे. उतरून बरंच चालले. खडक कुठले! नुसतं पाणी. संध्याकाळ म्हणजे ओहोटी, असं मी कुठल्या हिशेबाने धरलं होतं देव जाणे. भेळ खाल्ली आणि परत आले.

"जुहूला लोक भेळच खातात," नवरा म्हणाला. "तू वेगळं काय करायला गेली होतीस?"

मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन पार्ल्यात आले त्याला एकवीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी दर शनिवारी समुद्रावर जायचा हट्ट असायचा माझा. तो कधी संपला ते आठवत नाही. आता अकोल्याहून कुणी आलं तर त्यांना दाखवायला नेते, तेवढंच. २०१९ मध्ये मात्र अंदमानला जाऊन काचेच्या तळाच्या होडीत बसलो होतो. मोजून पैसे भरले, प्रवाळ पाहिले, हरखून गेलो. आपल्या मुंबईच्या खडकांवरही समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्री जीव, असतात, हे मला कळलं ते गेल्या पावसाळ्यात, कुणीतरी पाठवलेल्या फोटोंवरून. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा एक गट २०१७ पासून इथल्या किनाऱ्यांवरचे जीव टिपतोय. हाजी अली, जुहू. जुहू तर घरापासून चार किलोमीटर.

बुधवार, २८ जानेवारी

बाजारात मासळीवाल्या मावशींना रविवारची फजिती सांगितली. वेसाव्याच्या आहेत. आधी पोटभर हसून घेतलं, मग विचारलं, "तिथ कंची होती त्या दिशी?"

रथसप्तमी होती, ते लक्षात होतं.

"मग? सात पाऊण किती?"

मला एकदम आजोबांचा ओटा आठवला. संध्याकाळी परवचा झाला की पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे, म्हणून घ्यायचे आणि आम्ही रडकुंडीला यायचो. सात पाऊण सव्वापाच. म्हणजे सप्तमीला पूर्ण भरती सव्वापाचच्या सुमाराला, आणि मी नेमकी साडेपाचला हजर! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षातही एकपासूनच मोजायचं. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, भरतीही त्याच्या मागोमाग, एवढंच गणित. पाऊणकी कशाला पाठ करायची, याचं उत्तर इतक्या वर्षांनी मासळी बाजारात मिळालं. आजोबांना समुद्र माहीत नव्हता, त्यांना शेरभर धान्याचा भाव काढायचा असायचा.

मावशींनी पुढेही सांगितलं. सप्तमी-अष्टमीचं पाणी भांगाचं. भरलं तरी फार भरत नाही, ओसरलं तरी फार ओसरत नाही. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, ओढच नसली तर बोंबील, जवळा जाळ्यात येणार कसा? म्हणून भांगाला मासळी कमी आणि महाग. मी इतकी वर्षं त्यांच्याशी दरावरून घासाघीस करतेय आणि दर चंद्रावर होता.

"पुनवेला जा," म्हणाल्या. "उधाणाचं पानी लांब जातं. आन चपला घालून नको जाऊस, कालवं कापतील."

पौर्णिमा रविवारी आहे. पंधरा पाऊण सव्वाअकरा. ओहोटी साडेपाचच्या आतबाहेर.

घरी आल्यावर एक गोष्ट जाणवली. अंदमानला मी गेले कारण तिकिटं काढलेली होती. तिकडचं विमान चुकलं असतं. राणीची बाग, कान्हेरी, जुहूचे खडक यातलं काहीच चुकत नाही. आज नाही तर उद्या आहेच, म्हणून ते एकवीस वर्षं उद्यावरच राहिलं. या रविवारी मात्र साडेपाच म्हणजे साडेपाच. त्यानंतर पाणी परत चढायला लागेल.

रविवार, १ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

लिहायला बसले तेव्हा साडेदहा झाले होते. बूट अजून बाल्कनीत ओले आहेत.

पावणेपाचला पोचले. नवरा आला नाही, मॅच होती. गर्दी, गोळ्याच्या गाड्या मागे टाकून चालत राहिले. समुद्र खरंच मागे गेला होता, इतका की ही तीच जागा का, अशी शंका यावी. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी होती, हजारो गोळ्या, प्रत्येक बिळाभोवती किरणांसारख्या. इतकी वर्षं मी त्या तुडवत गेलेय. थोडा वेळ हलले नाही तेव्हा बिळातून नखाएवढे खेकडे वर आले. वाळू तोंडात घालतात, त्यातलं खाण्यासारखं तेवढं घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. अगदी मन लावून.

मग काळा खडक लागला. वर कालवांचा खरबरीत थर, त्यामुळे बुटांबद्दल मावशींचे मनोमन आभार. खडकाच्या खळग्यांत पाणी साचलेलं. पहिल्या डबक्यात काहीच दिसलं नाही. दुसऱ्यातही नाही. प्लॅस्टिकची पिशवी आणि एक देवाची तसबीर, काच फुटलेली. वाटलं, फोटोवाल्यांची नजर वेगळी असते, आपलं काम नव्हे हे. तिसऱ्या डबक्यापाशी कंबर धरली म्हणून उकिडवी बसले आणि बसल्यावर दिसायला लागलं. उभ्याने दिसतच नाही हो! एक शंख चालायला लागला. गोगलगाय समजले, तर आतून खेकड्याचे पाय बाहेर आले. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटून बसलेला. त्याच्या पलीकडे खडकाला हिरव्या बटणांची चादर चिकटवल्यासारखी होती, प्रत्येक बटणाला बारीक झालर. झोअँथिड. प्रवाळांचे हे नातेवाईक, काहींच्या अंगात जहाल विष असतं, म्हणून हात लावला नाही. आणि त्याच डबक्याच्या कडेला एक समुद्रफूल. तपकिरी, रुपयाएवढं, पाण्यात पाकळ्या हलवत. माझी सावली पडली की काय कोण जाणे, त्याने सगळ्या पाकळ्या आत ओढून घेतल्या आणि ते चिखलाच्या गोळ्यासारखं दिसायला लागलं. असे गोळे मी पहिल्या दोन डबक्यांतही पाहिले होते!

परत पहिल्या डबक्यापाशी गेले. तिथेही होतं. तिथे तीन होती.

एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "काकू, काही पडलं का?" त्यालाही बसवलं. तो पाच मिनिटं बसला, मग मित्रांना हाक मारून बोलावलं, मग सगळेच ओणवे. माझ्या हिशेबाची वेळ उलटून गेली तरी पाणी अर्धा तास मागेच सरकत होतं. हिशेब ढोबळ आहे, कबूल. सूर्य बुडाला तशी सगळी डबकी केशरी झाली आणि आतलं दिसेनासं झालं. मोबाइलच्या उजेडात चाचपडत वाळूवर आले. पुढच्या वेळी बॅटरी हवी. घरी पोचेपर्यंत पौर्णिमेचा चंद्र समोरच्या इमारतीच्या टाकीवर चढला होता.

बुधवार, ४ फेब्रुवारी

गुडघे अजून बोलतायत. ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. सांगून कळण्यातलं नाही, शिवाय वर्षअखेरीच्या तयारीत कुणाला वेळ आहे.

मावशींकडे आज बोंबील स्वस्त. फोटो दाखवले. समुद्रफूल पाहून म्हणाल्या, "ह्ये बघायला गेलीस? ह्ये तर पायाखाली असतं." हिरव्या बटणांवर मात्र बोट टेकवून बराच वेळ बघत होत्या, मग गिऱ्हाईक आलं.

रात्री नवरा कॅलेंडरसमोर उभा होता. पुढची उधाणाची वेळ कधी, विचारलं. महाशिवरात्र १५ तारखेला, रविवारी, अमावास्येच्या तोंडावर. दुपारभर त्रयोदशीच आहे. तेरा पाऊण पावणेदहा, म्हणजे ओहोटी पावणेचारला, फार तर साडेचार. त्याने चौकटीत पेन्सिलने लिहिलं: ३ वाजता निघणे. खाली मी लिहिलं: जुने बूट, बॅटरी, बसायला पाट.