नागपुरात समुद्री खेकडे आणताना

माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, हिरवे फुगे फार माजले होते. व्हॅलोनिया नावाचं हे शेवाळ लाइव्ह रॉकच्या (सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री दगडाच्या) कपारीत वाटाण्याएवढ्या चकचकीत फुग्यांसारखं उगवतं आणि एकदा बसलं की हटत नाही. ते खाणारा गडी म्हणजे एमराल्ड क्रॅब, एक हिरवा खेकडा. एक तो आणि वाळू-दगड साफ ठेवायला निळ्या पायांचे थोडे हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) मागवायचं ठरवलं. दोन्ही मूळचे कॅरिबियन समुद्राकडचे. मुंबईच्या दुकानातून विमानाने सोनेगावला पोचेपर्यंत त्यांचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असतो.

म्हणून पहिला निर्णय वेळेचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि टँकचं पाणी हवं २५ ते २७ अंशांवर. पार्सल एखाद्या गाडीत अर्धा तास जरी उन्हात राहिलं तरी खेळ खलास. दिवाळी होऊ दिली, मग ऑर्डर दिली.

खरी भानगड तापमानाची नसते, मिठाची असते. माशाला अंगातलं मीठ-पाणी बऱ्यापैकी सांभाळता येतं. बहुतेक समुद्री खेकड्यांना ते जमत नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारं तेवढंच त्यांचं आतलं. खारटपणा एकदम बदलला की खेकडा त्या दिवशी चालतो-फिरतो आणि एकदोन दिवसांनी आडवा पडतो. लोक म्हणतात, दुकानदाराने आजारी माल दिला. दरवेळी तसं नसतं. बरेच दुकानदार माशांच्या टाक्या मुद्दाम कमी खाऱ्या ठेवतात, मीठ वाचतं आणि परजीवीही कमी होतात. खेकडे त्याच पाण्यात ठेवलेले असले की झालं.

म्हणून फोनवर आधी विचारलं, "ग्रॅव्हिटी किती ठेवता?"

"वीस."

म्हणजे पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२०, लिटरमागे साधारण २७ ग्रॅम मीठ. माझा टँक १.०२५ वर, म्हणजे ३३-३४ ग्रॅम. फरक मोठा. दुसरा प्रश्न तांब्याचा: त्या टाकीत माशांना कॉपरचं औषध दिलं होतं का? माशांना सोसवणारं तांबं खेकड्यांना मारतं. "नाही" असं ठाम उत्तर मिळालं तेव्हाच पैसे पाठवले.

घरचं मोजमापही तपासून घेतलं. इथल्या कोरड्या हवेत टँकचं पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. रोज वरून आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) गोडं पाणी घातलं नाही तर १.०२५चे १.०२७ कधी होतात कळत नाही. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५चं (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्यावर लावावा.

आता पिशवीची गोष्ट, कारण इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. लांबच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठतो. पण सोबत कार्बन डायऑक्साइडही साठल्याने पीएच उतरलेला असतो, म्हणून तो अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्याच घाण पाण्यात दोन-तीन तास ड्रिप लावणं (टँकचं पाणी थेंबाथेंबाने सोडून खेकड्याला सवय लावणं) म्हणजे खेकड्याला विषात बसवणं. मी आधीच एका डब्यात अर्धा लिटर ताजं खारं पाणी १.०२० ला बनवून ठेवलं होतं. बंद पिशव्या वीसेक मिनिटं संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) तरंगू दिल्या, मग उघडून पाणी मोजलं. वीसच निघालं. खेकडे लगेच डब्यात, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. ते टँकमध्ये कधीही ओतू नये.

ड्रिपसाठी मेडिकलमधून सलाइनचा साधा सेट आणला. सुई काढून टाकायची, वरचं टोक टँकच्या पाण्यात, आणि चाकाने थेंब कमी-जास्त. अशा सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. सेकंदाला दोन थेंब ठेवले की तासाला ३६० मिली होतात, म्हणजे अर्धा लिटर दुप्पट व्हायला दीड तास धरा. दुप्पट झालं की निम्मं काढायचं आणि पुन्हा चालू. डबा थर्माकोलच्या खोक्यात, कारण रात्री गारठा होता. हवेचे बुडबुडे सोडणारा दगड आत सोडलेला, आणि वर झाकण हवंच, खेकडे नळी धरून चढतात. शेजारचे काकाजी चहाला आले आणि बघतच राहिले. "काऊन रे, खेकड्याले सलाइन लावून रायला का? आमच्याकडे तं त्याचा रस्सा करतेत!"

त्या निवांत वेळात एमराल्डचे चिमटे भिंगाखाली पाहिले. टोकं चमच्यासारखी पसरट, शेवाळ खरवडायला बनलेली. टोकं सुईसारखी अणकुचीदार असतील तर तो मांस शोधणारा खेकडा समजावा, रीफ टँकमध्ये त्याचं काम नाही. हर्मिटचे शंख मऊ ब्रशने घासून घेतले.

सोडताना टँकचे दिवे बंद. माझ्याकडे क्लाऊनफिशची जोडीच आहे, त्यामुळे फार धास्ती नव्हती. ट्रिगर, पफर किंवा हॉकफिश असे खेकडेखाऊ मासे असले तर खेकडे आणूच नयेत. एमराल्डला हाताने कपारीशी नेऊन ठेवलं, तो तिरका सरकत आत गेला. हर्मिट वाळूवर, तोंड खाली करून.

शेजारी रिकामे शंख ठेवणं फार महत्त्वाचं. हर्मिट वाढला आणि मापाचा शंख मिळाला नाही की तो जिवंत गोगलगाय मारून तिचा शंख घेतो. रंगवलेले शंख नकोत, साधे उकळून घ्यावेत, आणि घेताना जात बघावी. काही शंखांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

काही आठवड्यांनी आईने हाक मारली, "अरे, तुझा हिरवा मेला!" दगडाखाली खेकडा पडलेला, पण मागून उघडा, आत पोकळ, पायांतून आरपार दिसणारा. कात होती. मेलेला खेकडा भरीव असतो आणि त्याचा वास सुटतो. कात तशीच राहू दिली, तिच्यातलं कॅल्शियम खेकडे परत खातात. नवं कवच टणक होईपर्यंत एमराल्ड दिसलाच नाही.

आता फुगे जवळपास संपलेत. म्हणून आठवड्यातून दोनदा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) छोटा तुकडा त्याच्या कपारीशी खोचून ठेवतो. भुकेला राहिला की तो झोअँथिड या प्रवाळासारख्या जीवांच्या बाजूने घुटमळायला लागतो.