जनरेटर नंतर, आधी चेंजओव्हर

कोकणात पावसाळ्यात लाइट गेली की ती तासाभराची की आठवड्याची, हे डीपीवरचा फ्यूज उडालाय की खांबच झोपलाय यावर ठरतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांना पुढचे काही आठवडे अंधारात काढावे लागले. अशा वेळी इन्व्हर्टर पहिल्याच रात्री मान टाकतो आणि घरात जनरेटरचा विषय निघतो. तो निघतो बहुतेकदा उलट्या टोकाने: किती केव्हीएचा (म्हणजे किती ताकदीचा), कुठल्या कंपनीचा, केवढ्याला. खरं तर पहिला प्रश्न हा की तो घराच्या वायरिंगला जोडणार कुठे आणि कसा.

या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं पडवीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये, आणि "मेन स्विच पाडलाय ना, मग झालं." पण मेन पाडायचा राहिला, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी "लाइट आली का बघू" म्हणून वर केला, की तुमची वीज मीटरमधून मागे लाइनवर जाते. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो, तसाच तो उलटही चालतो. तुमचे २३० व्होल्ट खालून शिरले की वरच्या बाजूला हजारो व्होल्ट उभे राहतात. बऱ्याचदा शेजारपाजारच्या घरांचा लोड अंगावर येऊन जनरेटर गुदमरतो आणि बंद पडतो. पण तार तुमच्या घराजवळच तुटलेली असेल तर लोड येतच नाही, तार जिवंत राहते, आणि ती जोडायला लाइनमन खांबावर चढलेला असतो. शिवाय घाईत प्लग निसटला तर त्याच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात, ते वेगळंच.

म्हणून चेंजओव्हर स्विच. आत एकच दांडा असतो आणि तो एका वेळी एकाच बाजूला बसतो: वर महावितरण, मध्ये बंद, खाली जनरेटर. विसरायची सोयच नाही. सिंगल फेज घराला दोन पोलचा घ्या, थ्री फेजला चार पोलचा; म्हणजे फेजबरोबर (वीज आणणारी तार) न्यूट्रलही (परतीची तार) तुटला पाहिजे. दोन एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारे स्विच) शेजारी लावून "एक खाली करून मगच दुसरा वर" अशी शिस्त सांगणारे वायरमन भेटतात. दोघांत यांत्रिक अडकण नसेल तर ती शिस्त पहिल्या वादळी रात्रीपर्यंतच टिकते. चेंजओव्हरचं रेटिंग जनरेटरवरून नाही, दोन्हींतल्या मोठ्या बाजूवरून ठरतं. मेन ४० अँपिअरचा असेल तर स्विच ४० किंवा ६३ चा, जनरेटर लहान असला तरी.

जोडणीचा क्रम असा ठेवा. मीटर, मेन, मग चेंजओव्हरची वरची बाजू. खालच्या बाजूला जनरेटरकडून येणारी केबल, तिच्यावर स्वतःचा एमसीबी. ५ केव्हीएचा जनरेटर २३० व्होल्टला जेमतेम २१.७ अँपिअर देतो, तेव्हा तिथे २० अँपिअरचा एमसीबी. चेंजओव्हरच्या आउटपुटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि त्यापुढे घराचा डीबी (घरातल्या सर्किटांच्या एमसीबींचा डबा), म्हणजे आरसीसीबी दोन्ही विजांवर राखण करतो. केबल १५-२० मीटर असेल तर तांब्याची ४ चौरस मिलीमीटर पुरते. २० अँपिअरला सुमारे ४ व्होल्ट पडतात. जमिनीतून नेणार असाल तर आर्मर्ड केबल, ७५० मिलीमीटर खोल, वर वाळू आणि विटांचा थर. जांभा फोडायला गडी कंटाळतात आणि वीतभर खोलीवर उरकतात. मग पुढच्या वर्षी माडाचं आळं करताना पहार थेट केबलवर बसते.

थ्री फेज घराला सिंगल फेज जनरेटर जोडताना वायरमन जनरेटरच्या बाजूला आर-वाय-बी हे तिन्ही फेज एकत्र लूप करतात. चालतं, पण तेव्हा थ्री फेज पंप हमखास बंद ठेवावा लागतो. त्यापेक्षा दिवे, पंखे, फ्रिज, राउटर यांचा वेगळा छोटा डीबी करून तेवढाच चेंजओव्हरवर घेणं चांगलं. मात्र वेगळं करताना न्यूट्रलही वेगळे करा. जुन्या घरात माजघरातल्या पंख्याचा फेज नव्या डीबीतून आणि न्यूट्रल जुन्याच जोडातून, असं सर्रास सापडतं. आरसीसीबी "उगाचच" पडतो अशी तक्रार असते तिचं मूळ बहुधा इथेच असतं.

आता न्यूट्रल आणि अर्थिंग. इथे जाणते वायरमनही गडबडतात, म्हणून जरा थांबून. महावितरणचा न्यूट्रल डीपीवर जमिनीला जोडलेला असतो. चेंजओव्हर खाली केला की तो तुटतो आणि जनरेटरचा न्यूट्रल एकटा पडतो. छोट्या जनरेटरमध्ये तो बॉडीला जोडलेला असेलच असं नाही. तो तरंगता राहिला की टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत मिणमिणतो आणि घरचे म्हणतात, "दोन्हीकडे फेज येतोय." मल्टिमीटरवर फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ, दोन्हीकडे साधारण ११५ च्या आसपास दिसतं. अशा वेळी गीझरच्या बॉडीत फेज उतरला तरी करंटला परतीची वाट नसते, आणि म्हणून आरसीसीबी पडत नाही. धोका दुसऱ्या बिघाडाची वाट बघत बसतो. आणि गंमत अशी की आरसीसीबीचं टेस्ट बटण तेव्हाही व्यवस्थित काम करतं, कारण ते आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्येच गळती तयार करतं. बटण दाबून पाडलं म्हणजे संरक्षण आहे, हा समज इथे खोटा ठरतो.

उपाय: जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवर, चेंजओव्हरच्या आधी, एकाच ठिकाणी अर्थला जोडायचा. डीबीत पुन्हा जोडायचा नाही. जोडल्यावर वायरमनने आरसीसीबीच्या पुढच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थच्या मध्ये १५ वॅटचा साधा तारेचा बल्ब धरून बघावा. तो सुमारे ६५ मिलीअँपिअर ओढतो, म्हणजे आरसीसीबी तडक पडला पाहिजे. बल्ब पेटलाही नाही आणि आरसीसीबी पडलाही नाही, तर अर्थ किंवा जोड कुठेतरी तुटलाय. हे काम घरच्यांनी करायचं नाही. सुटकेसएवढे इन्व्हर्टर पद्धतीचे जनरेटर मात्र मॅन्युअल वाचल्याशिवाय अर्थला जोडू नका. काहींना तो जोड चालत नाही.

जनरेटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ द्यावेत. २.५ मीटर लांबीचा जीआय पाइप, दोन खड्ड्यांत निदान तीन मीटरचं अंतर. जांभ्याचा कातळ मार्चनंतर कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थिंग कामातून जातं. न्हाणीचं पाणी जिथे जातं तिकडे खड्डा घेतला तर उन्हाळ्यातही ओल टिकते.

किती केव्हीए, हे आता. नऊ वॅटचे आठ दिवे ७२, चार पंखे ३००, फ्रिज १५०, टीव्ही १००, राउटर १२. बेरीज ६३४ वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर हजारेक वॅट जास्त मागतो, तरी २ केव्हीएमध्ये बसतं. बिघडतं ते विहिरीवरच्या पंपाने. एक एचपीचा सिंगल फेज पंप चालताना ११०० वॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचतो. २ केव्हीएवर तो नुसता गुरगुरतो, व्होल्टेज दीडशेवर येतं, आणि कुणी लगेच बंद केला नाही तर वाइंडिंग जळतं. त्याला ५ केव्हीए लागतो, आणि तिथेही पंप आधी एकटा सुरू करून मग बाकीचं. दुकानदार सांगतो तो आकडा "कमाल" आहे की "सतत" हे प्लेटवर वाचा; हिशोब सततच्या आकड्यावर. उगाच मोठाही नको. डिझेल इंजिन तिसऱ्या हिश्शाहून कमी लोडवर तासन्‌तास चाललं की इंधन पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं चिकट तेल गळायला लागतं.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरी रिकामी असताना चार्जरचाही लोड धरा. जनरेटरवर इन्व्हर्टर "मेन्स" घेतच नसेल तर मागचं बटण यूपीएसवरून नॉर्मलवर करून बघा. यूपीएसमध्ये तो फार चोखंदळ असतो. छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर असेल तर त्याचा इन्व्हर्टर चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूलाच हवा. घराच्या बाजूला राहिला तर तो जनरेटरलाच ग्रिड समजून त्यात वीज कोंबायला बघतो, आणि बिचारा जनरेटर ती घेऊ शकत नाही.

जागा. पाऊस लागू नये म्हणून जनरेटर पडवीत ठेवतात, आणि यात माणसं मरतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कौलारू घरात तो कौलांच्या फटीतून, कोनवाशांमधून माळ्यावर आणि तिथून झोपायच्या खोलीत उतरतो. डोकं ठणकतं, मळमळतं, गरगरतं. वाटतं जेवण बाधलं. घरातल्या दोघातिघांना एकदमच असं व्हायला लागलं तर आधी सगळे बाहेर अंगणात, मग जनरेटर बंद, मग १०८. जनरेटर दारा-खिडक्यांपासून निदान ६ मीटर, सायलेन्सरचं तोंड घराकडे नाही. पावसात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून घराच्या पूर्वेकडची परसबाजू बरी. पण मागच्या दारापासूनचं अंतर पाळून. फूटभर उंच चौथरा, वर पत्रा, निदान तीन बाजू उघड्या, चहूबाजूंनी मीटरभर मोकळं. चालत्या यंत्रावर ताडपत्री टाकू नका. लहान जनरेटरच्या सायलेन्सरला घरचा पाइप जोडून लांबवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म झोपायच्या खोलीत लावा; जनरेटरच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

सुरू करताना चेंजओव्हर मध्ये, तेल बघा, रश्शी ओढा, दोन-तीन मिनिटं बिनलोड चालू द्या. मल्टिमीटरवर २२० ते २४० व्होल्ट आणि ५१-५२ हर्ट्झ दिसले की चेंजओव्हर खाली, मग मोठं आधी, लहान नंतर. पूर्ण लोडवर ४९-५० हर्ट्झ ठीक. ४६ वर येत असेल तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) दाखवून घ्या, नाहीतर फ्रिजचा कॉम्प्रेसर तापतो. लाइट आली हे कळायला मीटरच्या बाजूला एक इंडिकेटर दिवा लावा. आल्या आल्या उड्या मारू नका, ती दहा मिनिटांत परत जाते. ती स्थिर झाली की लोड काढा, चेंजओव्हर मध्ये, इंजिन चार-पाच मिनिटं रिकामं चालवून बंद, मग चेंजओव्हर वर.

पेट्रोल चालू किंवा गरम यंत्रात ओतायचं नाही. बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, कितीही अंधार असला तरी. एक लिटर पेट्रोलवर साधारण दीड ते दोन युनिट निघतात, त्यावरून रोजचा हिशोब करा. घरी विनापरवाना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, आणि ते चुलीच्या, देवघराच्या भिंतीला लागून नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते दमट हवेत पाणी ओढतं, पाणी तळाशी बसतं, आणि ऑक्टोबरात तसाच ठेवलेला जनरेटर जूनमध्ये सुरू होत नाही. म्हणून पावसाळा संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा, टाकी रिकामी करा. नव्या इंजिनाचं तेल पहिल्या २० तासांनी बदलायचं, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. जमीन तिरकी असेल तर तेल पुरेसं असूनही सेन्सर इंजिन बंद पाडतो. मेकॅनिक बोलवण्याआधी चौथरा बघा. सेल्फ स्टार्टवाल्याची बॅटरी बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, कारण "जनरेटर चालूच होत नाही" या तक्रारीत निम्म्या वेळा बॅटरीच मेलेली असते.

महिन्यातून एकदा वीस मिनिटं, निम्म्या लोडवर. रिकामं गुरगुरवून उपयोग नाही. आणि चेंजओव्हरच्या डब्याच्या झाकणावर आतून मराठीत क्रम लिहून चिकटवा, जाड मार्करने, टॉर्चच्या उजेडात वाचता येईल एवढा.