हिरवा ठिपका
ट्रेडिंगच्या स्क्रीनवरचा हिरवा ठिपका 'कनेक्टेड' म्हणतोय आणि भाव चाळीस सेकंद जागचा हललेला नाही.

शेवटच्या सौद्याच्या वेळेचा कॉलम लावलेला असेल तरच हे लक्षात येतं. ठिपका फक्त सर्व्हरशी जोडणी आहे एवढंच सांगतो. भाव पाठवणारी यंत्रणा बहुधा वेगळी असते आणि ती एकटीच झोपू शकते.

अशा वेळी बोट 'सेल'वर पुन्हा पुन्हा जातं. घात तिथेच होतो. ऑर्डर 'पेंडिंग' दिसते म्हणजे ती गेली नाही असं नव्हे, फक्त पोच आलेली नसते. हातात एक लॉट (सौद्याचा ठरलेला गठ्ठा) असताना तीनदा दाबलं, तर यंत्रणा जागी झाल्यावर तिन्ही भरतात आणि दोन लॉट शॉर्ट, म्हणजे हातात नसताना विकलेले, गळ्यात पडतात. आधी मोबाईलच्या नेटवरून ऑर्डर बुक, म्हणजे आपल्या ऑर्डरींची यादी, बघायचं. तेही उघडेना, तर ब्रोकरच्या डीलिंग डेस्कला फोन. (नंबर आणि क्लायंट कोड कागदावर हवा. एरवी तो ॲपमध्येच असतो, ही गंमत.)

स्टॉपलॉसचंही, म्हणजे ठरलेल्या भावाला तोटा थांबवणाऱ्या ऑर्डरचंही, तसंच. एक्स्चेंजपर्यंत पोचलेला स्टॉप ॲप बंद पडलं तरी जिवंत राहतो. भावामागे सरकत जाणारा ट्रेलिंग स्टॉप मात्र पुष्कळदा आपल्याच कॉम्प्युटरवर चालतो.

तुमचा कुठे चालतो, कधी तपासलंय?